नवा कमोड जोडण्याआधी जमिनीतला जुना ट्रॅप काढा

दादा, तुमची अडचण ओळखीची आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं घर, परड्यातला संडास, आईचे गुडघे, म्हणून आत जिन्याखाली कमोड. आणि मिस्त्री म्हणतात, ‘जुन्या भांड्याखालच्या ट्रॅपातच नवा पाइप सोडू, खर्च वाचंल.’ मिस्त्रींचं बाकी सगळं ऐका, हे एवढं ऐकू नका.

ट्रॅप म्हणजे वास वर येऊ नये म्हणून पाणी धरून ठेवणारं वळण; कमोडला स्वतःचा ट्रॅप पोटातच असतो. पुढे जमिनीतला जुनाही राहिला की एकाच लाइनीत दोन जागी पाणी अडतं आणि मधल्या पाइपात हवा कोंडते. मग फ्लश केला की पाणी आधी भांड्यात वर चढतं, गुडगुड करत सावकाश उतरतं आणि मैला दुसऱ्या ट्रॅपात बसून राहतो. जुन्या भांड्यात बादलीभर पाणी दणकून पडायचं, म्हणून तो ट्रॅप कधी कुरकुरला नाही. नव्या टाकीचं मोठं बटण दाबलं तरी साधारण 6 लिटरच येतं. आम्हाला सगळ्यात महाग पडली ती हीच चूक, कारण कळली ती फरशी बसल्यावर. चोकअप काढणारा सळई घालून जातो, चार दिवस बरं चालतं, पुन्हा तेच.

भांडं उचललं की टॉर्च मारा. खाली पाणी साचलेलं दिसलं म्हणजे ट्रॅप आहे. हातोडा लावू नका. चिनी मातीचा पाइप ठिसूळ, एका घावात तडा पुढच्या सॉकेटपर्यंत, म्हणजे दुसरा पाइप ज्यात बसतो त्या रुंद तोंडापर्यंत पळतो. ट्रॅपच्या पुढे डायमंड ब्लेडच्या ग्राइंडरने कापा आणि पुढचं धड सॉकेट मोकळं करा. त्याआधी पाइपात चिंधीचा बोळा कोंबा, त्याला सुतळी बांधून टोक बाहेर ठेवा, नाहीतर खपल्या आत जातात. नवा पाइप घालण्याआधी बोळा ओढून काढायचा, हे गडबडीत हमखास विसरतात.

आता जोड. चार इंची चिनी मातीचा पाइप बाहेरून सुमारे 124 मिमी, पीव्हीसी 110. तोंडाला तोंड लावून वरून सिमेंट थापलं तर ते टिकत नाही. पीव्हीसी सॉकेटातच गेला पाहिजे, पण गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. म्हणून टोकाला चार इंच सॉल्व्हंट (पीव्हीसी चिकटवायचं) फासून त्यावर जाडी वाळू भुरभुरवा, सुकू द्या. मग पाइप मधोमध धरून भोवती सिमेंटच्या पाण्यात भिजवलेली तागाची दोरी ठासा, सॉकेटच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. उरलेल्या जागेत सिमेंट-वाळूचा एकास एक माल, बाहेरून उतरता. दिवसभर ओलं पोतं, तोवर फ्लश नाही.

खरं विचाराल तर ड्रेनेजचं चेंबर पंधरा-वीस फुटांत असेल तर हा जोडच नको. जुनी लाइन सोडा, नवीन 110 ची थेट चेंबरमध्ये न्या. पाइप स्वस्त, मजुरी महाग. हे माझं मत. खोदल्यावर आत वेगळंच निघालं तर बघून ठरवा.

उतार दहा फुटांना तीन इंच, नळीत पाणी भरून लेव्हल काढा, डोळ्याने नको. वळणाला एक काटकोनी बेंड न घालता 45 अंशांचे दोन, दोन लाइनींच्या मिळवणीला टी आकाराऐवजी वाय आकाराचा जोड. चेंबरमध्ये पाइप तळाच्या पन्हळीच्या जरा वर आणि प्रवाहाच्या दिशेनेच उघडावा. कमोड जुन्या व्हेंटपासून (लाइनीतली हवा सोडणाऱ्या उभ्या पाइपापासून) लांब गेला तर नवा व्हेंट गच्चीच्या वर काढा.

एस-ट्रॅप (कमोडचं तोंड खाली जमिनीत) असेल तर भिंतीपासूनचं माप टाइल्स धरून घ्या. प्लास्टरवरून घेतलं की टाकी भिंतीला अडते.

शाहूपुरी किंवा जयंती नाल्याच्या बाजूला कुणी हे वाचत असेल तर 2019 आणि 2021 चा पूर आठवा आणि तळमजल्याच्या लाइनीला उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. झाकण उघडून साफ करता येईल असाच घ्या.

घराच्या हद्दीबाहेरच्या लाइनीला परवानगीशिवाय हात लावू नका. ती देणाऱ्या कार्यालयाबद्दल न बोललेलं बरं; या टेबलावरून त्या टेबलावर, आणि शेवटी ‘अर्ज मिळालाच नाही’. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या.

बुजवण्याआधी चेंबरकडचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरा, वर खडूने खूण करा आणि अर्धा तास थांबा. पाणी खुणेखाली गेलं तर जोड पुन्हा उघडा, मिस्त्री काहीही म्हणोत.