एएची यादी शेवटाकडून वाच

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या वेबसाईटवर एए (असोसिएट इन आर्ट्स) पदवीचे एवढे नियम दिलेत, त्यात सुरुवात कुठून करायची, असं तू विचारलंस. शिवाय साताऱ्याहून आजीचाही प्रश्न आलाय की दोन वर्षांत कसली पदवी मिळते! आधी आजीला उत्तर देते, ते कळलं की तुझंही बरंचसं सुटेल.

कॅलिफोर्नियात बीए चार वर्षांचं. त्यातली पहिली दोन वर्षं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, आणि उरलेली दोन विद्यापीठात करायची, ही सोय राज्याने मुद्दाम ठेवली आहे. उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून ते राज्याचं धोरणच आहे. पहिली दोन वर्षं पुरी केली की जी पदवी मिळते ती असोसिएट, कला आणि मानव्यविद्यांसाठी एए. भारतात ती बीएच्या बरोबरीची धरत नाहीत. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पदविका मिळते, साधारण तसंच समज. तेव्हा आजीला सांग, नातीचं बीए चार वर्षांनीच होणार आहे. तुझ्या डोक्यातही हे पक्कं असू दे, कारण एए हे मुक्कामाचं ठिकाण समजून विषय निवडणाऱ्या मुली दोन वर्षांनी अडकतात.

नियम तसे मोजकेच आहेत. साठ सेमिस्टर युनिट, गुणांची सरासरी चारपैकी किमान २.०, त्यातली किमान बारा युनिट ज्या कॉलेजची पदवी घ्यायची त्याच कॉलेजात केलेली, मुख्य विषयाची किमान अठरा युनिट आणि त्या प्रत्येक विषयात सी श्रेणी किंवा वर, आणि सामान्य शिक्षणाचे, म्हणजे मुख्य विषय कुठलाही असो, सगळ्यांनीच करायचे ठरवून दिलेले विषय. डि अँझा किंवा फूटहिल कॉलेजला गेलीस तर तिथे सेमिस्टरऐवजी आखूड सत्रं, म्हणजे क्वार्टर असतात, म्हणून साठाच्या जागी नव्वद. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. हा हिशेब कागदावर सोपा वाटतो, पण फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजात सेमिस्टरने शिकता शिकता उन्हाळ्यात डि अँझाचे विषय घेणारी मुलं इथेच चुकतात. तिथला चार युनिटचा विषय इकडे तीनचा होत नाही, २.६७ चा होतो. असे तीन विषय घेतले की एक युनिट कमी पडतं आणि ते शेवटच्या सत्रात लक्षात येतं.

युनिट म्हणजे काय तेही नीट समजून घे. एका युनिटमागे सत्रभर दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास धरलेला असतो. पंधरा युनिट घेतलीस तर आठवड्याचे पंचेचाळीस तास झाले. चार सत्रांत साठ संपवायची तर हाच वेग लागतो. तरी पहिल्या फॉलला, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राला, बाराच घे, तेवढ्यात पूर्णवेळ विद्यार्थी धरतात. उरलेली उन्हाळ्यात भरून काढता येतात. कला-मानव्यविद्यांतल्या वाचनाचा भार पहिल्या महिन्यात कुणालाच नीट जोखता येत नाही, आणि तू तर दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजी तुला येतं, पण आठवड्याला दोनशे पानं वाचून त्यावर मत मांडायचं, ही सवय वेगळी आहे.

आता मुख्य गोष्ट. तुझ्यासमोर एक यादी आहे असं तुला वाटतंय. प्रत्यक्षात तीन आहेत. पहिली कॉलेजच्या पदवीची. दुसरी सामान्य शिक्षणाची, तिला कॅल-गेटसी म्हणतात. २०२५ च्या फॉलपासून नवीन मुलांसाठी हीच एक यादी सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अशा राज्याच्या दोन्ही विद्यापीठसमूहांना चालते. तिसरी यादी कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये दिसतच नाही. तुला पुढे ज्या विद्यापीठात जो विषय घ्यायचा आहे, त्या विभागाने पहिल्या दोन वर्षांत काय करून यायला सांगितलंय, ती. ती असिस्ट नावाच्या सरकारी वेबसाईटवर मिळते. तुझं कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि विषय टाकलास की कुठला कोर्स कशाच्या बदली चालतो ते समोर येतं. माझं सांगणं एवढंच, की सुरुवात या तिसऱ्या यादीपासून कर. मग कॅल-गेटसी उघड आणि पदवीची यादी सगळ्यात शेवटी. एकच कोर्स तिन्ही याद्यांत बसतोय असा सापडला की तो आधी घ्यायचा. उलट दिशेने गेलीस तर साठ युनिट होतील, पदवीही मिळेल, आणि विद्यापीठात पोचल्यावर पहिल्या दोन वर्षांचेच तीन-चार विषय पुन्हा करत बसशील. असं झालेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं, याची मला अजून चुटपुट लागते.

म्हणूनच कुठली एए, हा प्रश्न कॉलेजच्या नावापेक्षा मोठा आहे. बऱ्याच कॉलेजांत लिबरल आर्ट्सची एए असते आणि तीत कला-मानव्यविद्यांवर भर देता येतो. थोडं चित्रकलेच्या इतिहासातलं, थोडं तत्त्वज्ञानातलं, थोडं साहित्यातलं घेऊन अठरा युनिट भरतात. विषय ठरला नसेल तर ती छान वाटते. दुसरी असते एए-टी, ट्रान्सफरसाठीची, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची. ती इतिहास, इंग्रजी, तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास अशा एकेका विषयात मिळते. २०१० च्या कायद्याने तिला एक हमी दिली आहे: सीएसयूच्या कुठल्या तरी कॅम्पसमध्ये मिळत्याजुळत्या विषयात तिसऱ्या वर्षाला जागा, आणि पुढच्या साठ युनिटांत बीए. ‘कुठल्या तरी’ हा शब्द लक्षात ठेव. सॅन होजे स्टेटच मिळेल असं त्यात म्हटलेलं नाही. यूसीला ही हमी लागू नाही, पण बर्कली, एलए आणि सॅन डिएगो सोडून यूसीचे सहा कॅम्पस वेगळा हमीचा करार करतात. त्याचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरातच भरायचा असतो. तुला इतिहास आवडतो हे तू तीनदा लिहिलंयस. मग इतिहासाचीच एए-टी घे. मन बदललं तरी फार वाया जात नाही, कारण कॅल-गेटसी तीच राहते.

कॅल-गेटसीत एकूण अकरा कोर्स, चौतीस युनिट. प्रत्येकात सी हवा, सी-मायनस चालत नाही. इंग्रजी लेखन, त्यापुढचं चिकित्सक विचार आणि लेखन, भाषण, एक गणित, कला आणि मानव्यविद्या मिळून दोन, सामाजिक शास्त्रं दोन, विज्ञान दोन आणि त्यातल्या एकाची प्रयोगशाळा, शेवटी एथनिक स्टडीज, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समाजांचा अभ्यास. गणिताची भीती बाळगू नकोस, इतिहासाच्या मुलीला संख्याशास्त्र पुरतं. फक्त ते आणि प्रयोगशाळा शेवटच्या सत्रावर ढकलू नकोस. लॅबच्या जागा लवकर भरतात.

इंग्रजी लेखन मात्र पहिल्याच सत्रात. आता राज्यभर त्याचा एकच क्रमांक आहे, इंग्लिश सी१०००. तिथे ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करून भागत नाही. उदाहरण देते. कलेच्या इतिहासाचे प्राध्यापक पुष्कळदा असं काम देतात: एक कलाकृती निवडा, तिच्यासमोर अर्धा तास उभे राहा आणि जे दिसतं तेवढंच लिहा. तू स्टॅनफर्डला जा, तिथल्या मेमोरियल कोर्टमध्ये फ्रेंच शिल्पकार रोदँचं ‘कॅलेचे नागरिक’ हे शिल्प आहे. तिकीट नाही. शहर वाचावं म्हणून शत्रूच्या स्वाधीन व्हायला निघालेली ही सहा माणसं. तिथे ती चबुतऱ्यावर नाहीत, वेगवेगळी जमिनीवरच उभी आहेत, त्यामुळे तुला त्यांच्या मधून चालता येतं. बहुतेक मुलं पहिल्या मसुद्यात लिहितात, ‘शिल्पकाराने त्याग आणि दुःख प्रभावीपणे दाखवलं आहे.’ प्राध्यापक समासात विचारतात: कुठे दाखवलं? मग मुलगी परत जाते आणि तिला एकाच्या हातातली किल्ली दिसते, ती त्याने किती आवळून धरली आहे ते दिसतं, अंगाच्या मानाने हातपाय किती मोठे आणि जड केलेत ते दिसतं, कुणीच कुणाच्या डोळ्यांत बघत नाही हे दिसतं. आता ती लिहू शकते की सहा जण एकत्र निघालेत, पण प्रत्येक जण एकटा आहे. हे वाक्य तिचं स्वतःचं, आणि पुरावा तिच्याजवळ आहे. मानव्यविद्यांचं शिक्षण म्हणतात ते हेच. साठ युनिटांत हे एकदा जरी नीट जमलं तरी पुढची दोन वर्षं तुला जड जाणार नाहीत.

एथनिक स्टडीजकडे मुलं सक्तीचा विषय म्हणून बघतात. तू तसं करू नकोस. आशियाई अमेरिकनांचा इतिहास घे. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून भारताच्या स्वातंत्र्यासाठी ‘गदर’ हे वृत्तपत्र निघायला लागलं. त्या चळवळीत पंजाबी शेतकऱ्यांबरोबर तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते, त्यांना १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, ते पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ झाले आणि दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. त्यांच्याबद्दलचं मराठी साहित्य तू थेट वाचू शकतेस. वर्गातल्या फार थोड्यांना ते जमेल. सत्राचा शोधनिबंध यावरच लिही, आणि तोही लायब्ररियनशी बोलून.

मराठीचा आणखी एक उपयोग आहे, पण त्याचे कागद आत्ताच मागवायला हवेत. यूसीच्या काही शाखांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लागते. सहावीपासून पुढची किमान दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत झाली असतील, तर त्या शिक्षणावर ही अट पुरी धरतात. तुझी तर दहावीपर्यंतची सगळी शाळा मराठीत झाली. दाखल्यावर माध्यम लिहिलेलं नसेल तर मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, कुठल्या इयत्ता मराठी माध्यमात झाल्या ते लिहून घे. मामा साताऱ्यात आहेत तोवर हे काम उरकून टाक. अकरावी-बारावीची युनिट मात्र मिळत नाहीत, ती इथे हायस्कूलच धरतात. तरी गुणपत्रिका दे, इंग्रजी आणि गणितात कुठे बसवायचं ते त्यावर ठरतं.

पैशाचं बाबांना सांग. रहिवाशांना सेमिस्टर युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे साठ युनिटांचे २,७६० डॉलर. पुस्तकं वेगळी. बाहेरच्यांना याच्या कित्येक पट पडतात. एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असलीस तरी रहिवासी म्हणून फी भरता येते. त्यासाठी घरचे इथे वर्षाहून जास्त राहताहेत हे कागदांनी दाखवावं लागतं: भाडेकरार, टॅक्स रिटर्न, लायसन्स. केंद्र सरकारची मदत मात्र एच-४ ला मिळत नाही. आणि एकवीस पूर्ण झाली की एच-४ संपतो, तेव्हा तू नेमकी ट्रान्सफरच्या उंबरठ्यावर असशील. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागला तर फीचं गणितही बदलतं. वकिलाशी त्याआधी वर्षभर बोलायला हवं. हा विषय बाबा टाळतात हे मला माहीत आहे, तू टाळू नकोस.

एखादा विषय बिघडतोय असं वाटलं तर गप्प बसू नकोस. सुरुवातीच्या मुदतीत सोडलास तर नोंदच राहत नाही. पुढे डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, लागतो, पण त्याने सरासरी खाली येत नाही. एफ, म्हणजे नापास, येतो तो या दोन्ही मुदती उलटून गेल्यावर. आणि त्याआधी प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये शंका घेऊन जायला संकोच वाटतो. इथे ती वेळ त्यांनी तुमच्यासाठीच राखून ठेवलेली असते आणि बरेचदा दारात कुणीच नसतं. पुढे शिफारसपत्र लागलं तर तेच देणार.

साठ युनिट झाली की पदवी आपोआप घरी येईल असं धरून चालू नकोस. बहुतेक कॉलेजांत शेवटच्या सत्रात अर्ज करावा लागतो, मुदत कॅलेंडरमध्ये असते. ज्या वर्षी प्रवेश घेतलास त्या वर्षीचा कॅटलॉग पीडीएफ करून जपून ठेव. मध्ये खंड पडला नाही तर तेच नियम तुला लागू राहतात.

या आठवड्यात एवढं कर: असिस्टवर सॅन होजे स्टेट आणि यूसी सांताक्रूझ, दोन्हींकडचा इतिहास काढ, आणि दोन्ही पानं छापून काउन्सेलरची वेळ घे. ऑगस्टात त्यांच्याकडे रांग लागते, आत्ता निवांत बोलतील. त्यांनी आखून दिलेला चार सत्रांचा आराखडा मला पाठव, मी पेन्सिलीने बघून देईन.

तुझी,
मावशी