ग्लोव्हजवरचा आकडा हाताचा नंबर नसतो

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न असा: अमळनेरच्या घरी माळ्यावर वडिलांच्या काळातले बॉक्सिंगचे ग्लोव्हज सापडले, त्यावर 6 छापलंय. भुसावळला मुलगा जिथे बॉक्सिंग शिकतो तिथले सर 12 आणा म्हणतात. नेटवर जो तो 16 घ्या सांगतोय. मुलगा चौदा वर्षांचा, वजन 46 किलो. यात सरांचं ऐका. बाकीचे दोन आकडे कुठून आले तेही सांगतो, म्हणजे दुकानात गेल्यावर गोंधळ होणार नाही.

चपलेचा नंबर पायाच्या मापाचा असतो, तसा हा आकडा हाताच्या मापाचा नाही. ते वजन आहे, औंसात, आणि तेही एका ग्लोव्हचं, जोडीचं नव्हे. एक औंस म्हणजे 28.35 ग्रॅम. त्या हिशेबाने 6 औंस 170 ग्रॅम, 8 औंस 227, 10 औंस 284, 12 औंस 340 आणि 16 औंस 454 ग्रॅम. हात आत नीट बसतो की नाही, ही वेगळी तपासणी. ती पुढे सांगतो.

ग्लोव्हज या खेळात आले ते सरावापुरते. लंडनच्या जॅक ब्रॉटनने 1743 मध्ये पहिले लेखी नियम केले. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या बड्या घरच्या मंडळींची तोंडं सुजू नयेत म्हणून त्याने ‘मफलर’ नावाचे गुबगुबीत हातमोजे वापरात आणले. पैशाची लढत मात्र उघड्या मुठीनेच व्हायची. लढतीत ग्लोव्हज आले 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांनी. मसुदा जॉन ग्रॅहम चेंबर्सचा, नाव लागलं क्वीन्सबेरीच्या मार्क्विसचं, म्हणजे तिथल्या उमरावाचं. गंमत अशी की त्या नियमांत ग्लोव्हज बेताच्या मापाचे, उत्तम प्रतीचे आणि नवे असावेत एवढंच आहे. वजन लिहिलेलंच नाही. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं जिथली लढत तिथला नियम, असं चाललं.

जॉन एल. सलिव्हनने 8 जुलै 1889 रोजी जेक किलरेनला उघड्या मुठींनी 75 फेऱ्यांत हरवलं. उघड्या मुठींची ही शेवटची मोठी हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनगटातली, विजेतेपदाची लढत. तोच सलिव्हन 7 सप्टेंबर 1892 ला न्यू ऑर्लिन्समध्ये जेम्स कॉर्बेटसमोर 5 औंसांचे ग्लोव्हज घालून उतरला आणि एकविसाव्या फेरीत पडला. कॉर्बेटचे दोन्ही ग्लोव्हज मिळून तागडीत टाकले असते तर 284 ग्रॅम भरले असते. आज मुलांच्या गटात एका हातात असतो तेवढा.

पुढे व्यावसायिक लढतींत 6 औंस बराच काळ टिकला, विशेषतः हलक्या वजनांत. 1971 मध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझर भिडले तेव्हा हेवीवेट असूनही ग्लोव्हज 8 औंसांचे होते. आता सर्वसाधारण पद्धत अशी: 147 पौंडांपर्यंत, म्हणजे 66.7 किलोपर्यंत 8 औंस, त्यावर 10. अपवाद होतात. 2017 मध्ये मेवेदर आणि मॅकग्रेगर 154 पौंडांवर लढले, नियमाने 10 हवे होते, पण नेवाडाच्या आयोगाने त्या एका लढतीपुरती 8 ची सूट दिली.

मुलगा ज्या वाटेने जाणार आहे ती हौशी बॉक्सिंगची, तिथला हिशेब वेगळा. टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या हलक्या तीन वजनगटांना 10 औंस होते (पॅरिसला 51, 57 आणि 63.5 किलो), वरच्या सगळ्यांना 12. महिलांना मात्र सर्व गटांत 10. म्हणजे 75 किलोत खेळणाऱ्या लवलीना बोरगोहेनच्या हातात 10 आणि 71 किलोच्या पुरुषाच्या हातात 12. हौशी बॉक्सिंगच्या नियमांत आणखी एक चांगली अट आहे: ग्लोव्हच्या एकूण वजनात चामड्याचा वाटा निम्म्याहून जास्त नको, भरण निम्म्याहून कमी नको. खरेदी करताना ही अट लक्षात ठेवा, कारण फसवणूक नेमकी इथेच होते.

आकडे वाढत का गेले, याचं लोक एकच कारण सांगतात: समोरच्याचं डोकं वाचावं म्हणून. हे अर्धंच खरं. ग्लोव्ह सगळ्यात आधी मारणाऱ्याची मूठ वाचवतो. उघडी मूठ कवटीवर जोरात बसली तर बोटांमागची हाडं मोडतात, म्हणून जुने लोक डोक्यावर जपून मारायचे, पोटावर जास्त. मूठ सुरक्षित झाली आणि डोक्यावरचे ठोसे वाढले. जाड भरणाने कातडी फाटत नाही, मार पसरून बसतो, हात थोडा मंद होतो, अडवायला पृष्ठभाग मोठा मिळतो. पण डोकं झटक्याने हलायचं ते हलतंच. ‘16 घातलेत, आता मारा बिनधास्त’ असं कुणी मुलांना सांगत असेल तर ते धोक्याचं आहे. सरावात ग्लोव्ह मोठा आणि ठोसा हलका, दोन्ही एकत्र हवं.

आकड्यापेक्षा मोठा बदल झाला तो आतल्या भरणात. जुन्या ग्लोव्हजमध्ये घोड्याचे केस ठासलेले असत. आता फोम, काहींत साच्यात ओतून घडवलेला, काहींत एकावर एक थर. त्याच वजनात केसांचं भरण पातळ आणि कडक लागतं, फोमचं फुगीर. केसांची खोड अशी की मार बसेल तसे ते बाजूला सरकतात आणि नेमके बोटांच्या गाठींवर कमी होतात. म्हणून जुना 8 आणि आजचा 8 काट्यावर सारखे भरले तरी लागायला सारखे नसतात.

भरण कमी झालं की काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण 16 जून 1983 चं, न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं. लुईस रेस्टोच्या ग्लोव्हजमधून सुमारे एकेक औंस भरण काढलेलं निघालं. त्याच्यासमोर लढलेल्या बिली कॉलिन्सचे डोळे इतके दुखावले की तो पुन्हा कधी लढला नाही. लढत संपल्यावर कॉलिन्सच्या वडिलांनी हस्तांदोलनाला रेस्टोचा हात धरला तेव्हा पोकळपणा जाणवला. बाहेरून ग्लोव्ह तसाच दिसत होता.

आता तुमचे माळ्यावरचे. 6 चे दोन अर्थ निघतात, कारण लहान मुलांचे ग्लोव्हजही 4, 6, 8 औंसांचे येतात. मोठ्या माणसाचा हात आरामात आत जातो का बघा. जात असेल तर ते जुने लढतीचे. पंजाच अडकत असेल तर पोराटोरांचे. मग अंगठ्याने गाठींच्या जागी दाबा. आतली बोटं लगेच लागली किंवा भरण कडेला गोळा झालेलं वाटलं तर भरण संपलंय. चामडं वाकवून बघा. चिरा पडल्या असतील तर त्या कडा समोरच्याची भुवई कापतील. या ग्लोव्हजने स्पारिंग (जोडीदाराबरोबर सरावाची लढत) नको, टांगलेल्या बॅगवर ठोसेही नको. भिंतीवर टांगा, छान दिसतील.

मुलासाठी स्पारिंगला 12 औंस. 16 नको म्हणतो त्याचं कारण हातमाप. ग्लोव्ह जड झाला की बहुधा आतली खोळही मोठी होते. 46 किलोच्या मुलाचा पंजा त्यात खेळतो, मूठ पूर्ण मिटत नाही, ठोसा बसताना मनगट दुमडतं. शिवाय दुसऱ्या फेरीत खांदे दमतात, हात खाली येतात आणि हनुवटी उघडी पडते. मग तीच सवय अंगवळणी पडते. ढोबळमानाने 50 किलोच्या आत 12, तिथून 65 पर्यंत 14 आणि त्यापुढे 16, असं धरा. नेटवर 16 सांगणारे बहुतेक 75-80 किलोचे असतात, त्यांच्यापुरतं ते बरोबरच आहे.

माप घेताना आधी हाताला पट्टी बांधा. बाजारात 108 इंची (सुमारे 2.75 मीटर) आणि 180 इंची (सुमारे 4.5 मीटर) पट्ट्या मिळतात, या मुलाला 108 पुरे. लांब पट्टीचा गठ्ठा झाला की ग्लोव्हमध्ये हात कोंबावा लागतो. पट्टीसकट हात घालून मूठ वळवायला सांगा: बोटांची टोकं वरच्या शिवणीला अलगद टेकावीत, अंगठा ओढला जाऊ नये, वेल्क्रो लावल्यावर मनगट हलू नये. हात ढिला असेल तर पट्टी जाड करून भागवू नका, दुसरा ग्लोव्ह बघा.

दुकानातून आणलेला जोड किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. (जळगावात सराफाचा काटा मिळेलही, पण मिलिग्रॅमची इथे गरज नाही.) 12 औंसाचा एक ग्लोव्ह पाच टक्के इकडेतिकडे धरून 323 ते 357 ग्रॅम भरला पाहिजे, आणि डावा-उजवा सारखे. 290 भरला तर शिक्का 12 चा, माल 10 चा. वजन बरोबर भरलं तरी ते कुठे आहे ते चाचपा. स्वस्त मालात जाड रेक्झिन आणि मनगटाच्या पट्ट्यात वजन भरतात, गाठींवर पातळ फोम. ग्लोव्ह मधोमध बोटावर तोलून धरा. मनगटाकडे झुकला तर परत करा.

बॅगसाठी वेगळा जोड घ्या, 10 औंस चालेल. बॅगवर फोम लवकर दबतो. तोच ग्लोव्ह स्पारिंगला नेला तर दबलेला भाग मित्राच्या नाकावर. बॅग कशाने भरलीय तेही पाहा. आपल्याकडे बरेच जण वाळू भरतात. ती खाली बसून दगड होते आणि खालच्या ठोशाला मनगट मुरगळतं. जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या ठासून भरा, वजनच हवं असेल तर वाळूची छोटी बंद पिशवी मधोमध, चिंध्यांनी वेढलेली.

खानदेशात ग्लोव्हज मारापेक्षा उन्हाने जास्त मरतात. वैशाखात पारा 45 च्या घरात असताना घामाने भिजलेला जोड पत्र्यावर वाळत टाकला की चामडं ताठ होऊन तडकतं, रेक्झिनचे पापुद्रे सुटतात, फोम कडक होतो. गाडीच्या डिकीत ठेवणंही तेवढंच वाईट. क्लास सुटल्यावर वेल्क्रो उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, आणि सावलीत पंख्याखाली तोंड खाली करून टांगा. पट्ट्या रोज धुवा. वास ग्लोव्हला लागतो तो तिथूनच. पावसाळ्यात बुरशी दिसली तर व्हिनेगरमध्ये ओलसर केलेल्या फडक्याने आतून पुसून पूर्ण वाळू द्या.

स्पर्धेसाठी 10 चा वेगळा जोड आधीच घेऊन ठेवू नका. मोठ्या स्पर्धांत लाल-निळे ग्लोव्हज आयोजकच देतात. शालेय स्पर्धेत स्वतःचे आणायचे की नाही आणि त्या वयोगटाला किती औंस, हे नाव नोंदवताना सरांना विचारून घ्या. लढतीच्या आधीच्या आठवड्यात बॅगवर 10 ने दोन-तीन फेऱ्या करू द्या, नाहीतर 12 ची सवय झालेल्या हाताचं अंतर चुकतं आणि पहिल्या फेरीत ठोसे पुढे निघून जातात.