नाशिकमध्ये राहून सेलिब्रिटींना पुरस्कार सोहळ्यांसाठी कपडे देता येतात का, की त्यासाठी मुंबईलाच जावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं नाशिकमध्ये छोटं बुटीक आहे, ब्लाऊज-लेहेंगे चांगले चालतात आणि आता रेड कार्पेटवर आपल्या हातचा कपडा दिसावा अशी इच्छा आहे. मी गंगापूर रोडला बरीच वर्षं हेच काम करते, मराठी कलाकारांना सोहळ्यांसाठी कपडे देते. दुकान अजिबात हलवू नका. कामाची पद्धत मात्र बदलावी लागेल.

आधी हे काम चालतं कसं ते सांगते. कलाकार स्वतः क्वचितच फोन करतात, फोन येतो स्टायलिस्टचा, म्हणजे त्यांचे कपडे ठरवणारीचा. सोहळा चार-सहा दिवसांवर आलेला असतो. ती चार ठिकाणांहून कपडे मागवते, ट्रायलला एक पसंत पडतो, बाकीचे परत येतात. याला सोर्सिंग म्हणतात. कपडा बहुतेक वेळा उसना जातो, विकत नाही. त्यामुळे 'माप द्या, पंधरा दिवसांत शिवून देते' असं म्हणणाऱ्याला पुन्हा फोन येत नाही. हँगरला तयार कपडा असेल, त्यात दोन्ही बाजूंना दाबून ठेवलेलं भरपूर मार्जिन असेल, पाठीला दोरी असेल, तर तोच कपडा दोन-तीन वेगळ्या मापांना बसतो. असे सहा-सात कपडे तयार असल्याशिवाय कोणाला फोन करू नका.

आता ते कपडे कशाचे करायचे? मुंबईत नेट, सिक्विन, सॅटिनचे गाऊन रग्गड मिळतात, त्यात आपण उतरायचं कारण नाही. आपल्यापासून 80 किलोमीटरवर येवला आहे. पैठणीला 2010 पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि त्यात साडीबरोबर कापडही येतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विणकराकडून साडीच घ्यायला हवी असं नाही. साधं अंग, काठ आणि बुट्टी असलेलं कापड मीटरवर विणून मागता येतं. पण मागाला वेळ लागतो. साधं काम काही आठवड्यांत होतं, भरगच्च पदराला महिनोन्महिने जातात. स्टायलिस्टला मंगळवारी सांगून शनिवारी कपडा हवा असतो. या दोन वेळांचा मेळ घालणं हाच आपला खरा धंदा आहे. म्हणून दिवाळीनंतरच्या सोहळ्यांचं कापड मी उन्हाळ्यातच मागावर लावायला सांगते आणि त्याचे पैसे विणकराला आगाऊ देते. कपडा उसना गेला म्हणून विणकराचे पैसे थांबता कामा नयेत.

कापताना फार जपा. पदरावरचा मोर किंवा मुनिया (पोपट) प्रत्येक रंगाच्या वेगळ्या कांडीने विणलेली असते, म्हणूनच हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. त्या नक्षीतून कात्री गेली की धागे सुटतात. नक्षी अख्खी राहील असाच पॅटर्न मांडा, पदर पाठीवरच्या केपला किंवा घेराच्या एका पाकळीला सबंध वापरा, आतून पातळ अस्तर लावा. सुई नवी आणि बारीक घ्या, जरीवर पडलेलं भोक बुजत नाही. आणि आधी सगळं मांजरपाटावर शिवून बघा, कितीही घाई असली तरी.

आईची-आजीची जुनी पैठणी फाडून गाऊन करायची फॅशन मात्र मला पटत नाही. काठ शाबूत असलेली साडी नेसण्यासाठीच आहे. 2024 ला अभिनेत्री छाया कदम फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात आईची साडी नेसून आणि नथ घालून गेल्या, तेव्हा त्या साडीला कोणी कात्री लावली नव्हती. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या एका गावातून आलेली नॅन्सी त्यागी स्वतः शिवलेला गुलाबी गाऊन घालून त्याच कार्पेटवर चालली. 1000 मीटर कापड, 20 किलोंहून जास्त वजन, 30 दिवसांचं काम, असं तिनेच सांगितलं होतं. तिचं मला मनापासून कौतुक आहे. पण 2025 ला कानने रस्ता अडवणाऱ्या, लांब शेपटाच्या अवजड पोशाखांवर बंदी घातली. आपल्याकडच्या सोहळ्यांत तर कलाकाराला तोच कपडा घालून तीन-चार तास खुर्चीत बसायचं असतं, कधी नाचायचंही असतं. तेव्हा हलका कपडा करा.

ट्रायलचं सांगते, कारण नाव इथेच होतं किंवा जातं. फक्त आरशासमोर उभं करून ट्रायल संपवू नका. सोहळ्यात घालायच्या त्याच चपला घालायला लावा, मगच उंची धरा. जिन्याच्या पायऱ्या चढायला सांगा, बसायला सांगा. मग हातात पाण्याने भरलेला तांब्या द्या आणि तो खांद्याच्या वर धरायला सांगा. ट्रॉफी उचलताना मुंढा, म्हणजे बाही जोडलेली जागा, ओढला जातो, ब्लाऊज वर सरकतो, आणि नेमका तोच फोटो सगळीकडे फिरतो. मुंढ्याखाली छोटी कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातली की हात मोकळा होतो. शेवटी खोली अंधारी करून मोबाइलच्या फ्लॅशवर समोरून आणि पाठीमागून फोटो काढा. दिवसाउजेडी न दिसणारं अस्तर आणि पॅडची कड फ्लॅशमध्ये स्पष्ट दिसते.

ओळखी कशा होतात? कालिदास कलामंदिरात शनिवार-रविवारी मुंबईची नाटकं येतात. प्रयोगाआधी कोणालाही गाठू नका. प्रयोग संपल्यावर, तेही दोन मिनिटं, कार्ड आणि एखाद्या कपड्याचा फोटो. पण जास्त उपयोग स्टायलिस्टच्या मदतनीस मुलींचा होतो, कपडे गोळा करत त्याच फिरत असतात. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचं, त्यांना दोन-तीन कपडे दाखवायचे, मंगलदास मार्केटमधून अस्तर-लेस घ्यायची आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत यायचं. त्यासाठी मुंबईत भाडं भरायची गरज नाही.

कपडा देताना चलन, म्हणजे दिल्याची लेखी पावती, बनवा, त्यावर परत यायची तारीख आणि ड्रायक्लीनिंग कोणाकडे ते लिहा, आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. माझा एक क्रीम ब्लाऊज गळ्याला मेकअपचे डाग पडून परत आला होता. चलन होतं म्हणून नुकसानभरपाई मागता आली. फोटोत आपल्या बुटीकचं आणि 'येवला पैठणी' असं नाव टॅग करायचं, हेही चलनातच लिहून घ्या. विणकराची परवानगी असेल तर त्याचंही नाव घाला, त्याचा तेवढा हक्क आहे.

उत्पन्न येतं ते नवऱ्या मुलींकडून. फोटो आला की सिन्नर-निफाडपासून फोन सुरू होतात, 'तिने घातलेला तोच ब्लाऊज हवा.' म्हणून प्रत्येक कपड्याचा कागदी पॅटर्न जपून ठेवा आणि कोणत्या मापाला काय बदललं ते त्यावरच पेन्सिलीने लिहा. लग्नसराईत तुमच्या मास्तरांना विचारत बसायला वेळ नसतो.