'संवेदक' : जाणणारा की जाणवून देणारा?

प्रश्न असा आहे : रक्तातली साखर मोजणाऱ्या पट्टीवर मराठीत लिहायचे आहे. 'एंझाइम सेन्सर'ला 'विकर संवेदक' म्हणावे का? 'संवेदक' वाचले की भावना असलेले काहीतरी डोळ्यांपुढे येते आणि 'सेन्सर' लिहिले की चित्रपटांना कात्री लावणारा सेन्सॉर आठवतो.

सेन्सॉरचे आधी. दोन्ही शब्द मुळात लॅटिन, पण धातू वेगळे : 'सेन्टिरे' म्हणजे जाणवणे, 'सेन्सेरे' म्हणजे मूल्य ठरवणे. मराठीने 'सर' आणि 'सॉर' असा फरक आपसूक करून ठेवला आहे. तो पाळला की पुरे.

'संवेदक' मात्र मला मनापासून आवडतो आणि त्याचे कारण व्याकरणात आहे. 'सम्' उपसर्ग लागलेला 'विद्' धातू म्हणजे जाणणे. त्याला कर्ता दाखवणारा 'अक' प्रत्यय लावला की संवेदक, जाणणारा. पण त्याच धातूच्या प्रयोजक रूपाला, 'संवेदयति'ला, हाच प्रत्यय लावला तरी हाती संवेदकच येतो आणि अर्थ होतो जाणवून देणारा. आपला 'निवेदक' याच घडणीचा आहे.

त्या पट्टीत हीच दोन कामे वाटून दिलेली असतात. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, रक्तातल्या असंख्य रेणूंमधून ग्लुकोज हेरते. ते जाणणारे. त्याला कळलेले बाहेर कळवतो तो इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचा प्रवाह वाहून नेणारे टोक. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स या संशोधकांनी हे विकर ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडशी जोडण्याची कल्पना मांडली. ग्लुकोजवर क्रिया करताना विकर ऑक्सिजन वापरते, म्हणून ग्लुकोज जितके जास्त, तितका ऑक्सिजन जास्त खर्ची पडतो आणि इलेक्ट्रोडमधला प्रवाह तितका घटतो. आजच्या बहुतेक पट्ट्यांत ऑक्सिजनऐवजी इलेक्ट्रॉन वाहून नेणारा मध्यस्थ पदार्थ असतो, पण कामाची वाटणी तीच. एका शब्दात दोन्ही अर्थ सामावणारा 'संवेदक' इथे 'सेन्सर'पेक्षाही नेमका बसतो.

भावनेची शंका 'संवेदनशील'मुळे येते. प्रयोगशाळेत संवेदनशीलता म्हणजे पदार्थाचे प्रमाण किंचित बदलले तर संकेत किती बदलतो ते. तिला 'अचूकता' म्हणणे चूक. दुसऱ्याच रेणूला न फसण्याचा गुण तर आणखी वेगळा, त्याला विशिष्टता म्हणावे. लिटमसलाही कुणी संवेदक म्हणते, पण तो नुसता रंग दाखवतो, मोजायला संकेत देत नाही. त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकांतला 'दर्शक' उत्तम.

'विकर' रुळलेला आहे, बेलाशक वापरा. मात्र 'विकर संवेदक' असा जोड लिहू नका. 'तापमान संवेदक' तापमान मोजतो, 'वायू संवेदक' वायू ओळखतो, मग 'विकर संवेदक' विकरच शोधतो असे वाचणाऱ्याला वाटणार. पट्टी शोधते ग्लुकोज, विकर हे तिचे साधन. म्हणून 'विकराधारित ग्लुकोज संवेदक'. 'जैवसंवेदक'ही चालेल, पण त्यात प्रतिपिंडे, डीएनए किंवा अख्ख्या पेशी वापरणारी साधनेही येतात, तेव्हा पहिल्या उल्लेखात तरी 'विकराधारित' हे विशेषण गाळू नका.