गंजाचे खड्डे: लांबी कुठं भरायची आणि कुठं नाही

प्रश्न: दादा नमस्कार, आमच्या शेतात विहिरीवर आजोबांच्या काळातलं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन पडून आहे, ते चालू करून रंगवायचंय. फ्लायव्हीलला, सायलेन्सर बसतो त्या भागाला गंजाने खड्डे पडलेत, क्रँकपिनवर (कनेक्टिंग रॉड जिथं बसून फिरतो तिथं) पण थोडे आहेत. गॅरेजवाले म्हणतात सगळीकडं लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून घासून टाकू. चालेल का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर: सगळीकडं नको, हे त्यांना आधी सांगा. लांबी दिसण्यापुरती असते, तिच्यात ताकद नसते, त्यामुळं जो भाग घासतो, तापतो किंवा पॅकिंग घालून दुसऱ्या भागावर बसतो तिथं ती टिकतच नाही. क्रँकपिन सोलापुरात क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडं द्या, तो मोजून ०.२५ नाहीतर ०.५० मिमी उतरवेल, मग त्याच मापाचं अंडरसाइज, म्हणजे बारीक झालेल्या पिनला बसणारं बेअरिंग टाकायचं. हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, फेस (बसायची सपाट बाजू) खराब असेल तर तोही मशीनवरच घासून घ्या. सायलेन्सरकडचे खड्डे तसेच राहू द्या, गंज काढून उष्णता सोसणारा रंग मारा, तिथली लांबी पहिल्याच तासाभरात तडकून सुटेल.

आता राहिलं फ्लायव्हील, तिथं भरा, पण पट्टा फिरतो ती जागा सोडून. आणि भरायच्या आधी तडा आहे का ते बघाच, माझं सगळ्यात जास्त सांगणं हेच आहे, कारण लांबीखाली तडा झाकला गेला की पुन्हा दिसत नाही आणि एवढं जड बिडाचं चाक वेगात असताना फुटलं तर जिवावर बेततं. रॉकेल लावून थोडं मुरू द्या, कोरडं पुसा, वर खडूची पूड चोळा, तडा असेल तर रॉकेल पाझरून रेघ उठते. रेघ दिसली तर ते चाक वापरूच नका.

गंज ग्राइंडरला वायर ब्रश लावून खड्ड्याच्या तळापर्यंत काढायचा, चष्मा-मास्क घालून. तळात काळा गंज राहिला की वरचा रंग फुगणारच. मग थिनरने रॉकेल-तेल पूर्ण पुसा आणि लगेच इपॉक्सी प्रायमर. लांबीत हार्डनर (तिला घट्ट करणारं) साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम, पण आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा पत्र्यावर कालवलेली लांबी बघता बघता दगड होते, म्हणून सकाळीच आणि थोडी थोडी कालवा. जाड थर एकदम नको, पातळ दोन-तीन हात द्या. घासताना पॉलिश पेपर ८०, १२०, मग २२० नंबर, सगळं कोरडंच, कारण उघडी लांबी पाणी पिते. पाणी लावून ४०० नंबर मारायचा तो वरून परत प्रायमर दिल्यावरच.