ड्रायरमधून ओली हवा, उरलेले चार लाख द्यायचे का?

प्रश्न: अंधेरी एमआयडीसीत आमचं मसाला पॅकिंगचं युनिट आहे. ऑइल-फ्री कॉम्प्रेसरच्याच उष्णतेवर चालणारा १८ लाखांचा ड्रायर घेतला. कोटेशनमध्ये दवबिंदू (जितका खाली, तितकी हवा कोरडी) उणे ४० अंश, मीटर दाखवतो अधिक ६. मसाल्याच्या गुठळ्या होतात. विक्रेता म्हणतो, तुमचा कॉम्प्रेसर रात्री अर्ध्या लोडवर चालतो, त्याला आम्ही काय करणार? ४ लाख अडवलेत, त्याची नोटीस आलीय; ती आणि व्हॉट्सॲप चॅट सोबत जोडलंय. ग्राहक न्यायालयात जाऊ का?

उत्तर: नको. धंद्यासाठी घेतलेली यंत्रं २०१९च्या ग्राहक कायद्यात सहसा बसत नाहीत.

विक्रेता खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतोय. कॉम्प्रेसरमधून निघणारी गरम हवाच ड्रायरमधला ॲल्युमिना, म्हणजे ओल शोषणारे दाणे, सुकवते. लोड उतरला की उष्णताही उतरते. हे विकताना त्याला ठाऊक असणारच. रात्री एकच मशीन चालतं हे तुम्ही त्याला कळवलं होतं का? तसा मेल असेल, तर १९३०च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ तुमच्या बाजूचं: सांगितलेल्या कामाला माल योग्य हवा.

मला काळजी दुसरीच आहे. नोटिशीवर उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, आहे. विक्रेता सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल, तर ४५ दिवसांपुढे थकलेल्या पैशावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्यातून सुटायचं तर माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत हवी. तुम्ही अकराव्या दिवशी मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर धाडलात, खाली एवढंच: ‘साहेब, हे बघा जरा.’ समोरचा वकील म्हणेल, ही हरकत कसली, ही तर विचारपूस. मी तिला हरकतच म्हणेन. पण एक धड वाक्य लिहिलं असतं तर बरं झालं असतं! तो हँडसेट बदलू नका, चॅट पुसू नका. चॅट पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

यंत्र वापरात आहे, त्यामुळे परत करणं अवघड. मालविक्री कायद्याच्या कलम ५९खाली नुकसानीइतकी किंमत कमी मागता येते, आणि नोटिशीच्या उत्तरात तेच लिहा. दिवस-रात्रीचं लोड आणि दवबिंदू आठवडाभर नोंदवा, विक्रेत्यालाही लेखी बोलवा. तोवर दुसऱ्या मेकॅनिकला ॲल्युमिना बदलू देऊ नका, पुरावाच जाईल.

विक्रेता फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे गेला, तर तिथेच प्रतिदावा करा. असा प्रतिदावा चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केलंय. आधी रात्रीच्या लोडबद्दल कळवलेला तो मेल शोधा.