जखम भरली, मग वेदना का राहिली?

शरीराला झालेली इजा भरून आल्यावरही वेदना का टिकून राहते, आणि त्यात मज्जासंस्थेतील रोगप्रतिकारक पेशींचा काय वाटा असतो, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मला आठ महिन्यांपूर्वी नागीण झाली होती. पुरळ केव्हाच गेले, पण छातीवरच्या त्या पट्ट्याला सुती कपडा घासला तरी आग होते. रक्ताच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत. घरचे म्हणतात, तू मनाला लावून घेतले आहेस. खरे काय समजायचे?

वेदना खरी आहे आणि तिचे कारण मज्जासंस्थेत आहे. नागिणीचा विषाणू संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना इजा करतो. अशा दुखावलेल्या चेतापेशी मज्जारज्जूत काही रासायनिक संदेश सोडतात आणि त्या संदेशांमुळे तेथील मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी सक्रिय होतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. ईएसआर किंवा सीआरपी या तपासण्या रक्तातून जाणवणारा, शरीरभर पसरलेला दाह मोजतात. मज्जारज्जूच्या एखाद्या लहानशा भागात चाललेली ही घडामोड त्यांच्या टप्प्यात येतच नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘वेदना काल्पनिक’ असा लावणे चूक आहे. झोपेचा अभाव आणि काळजी यांनी वेदना वाढते हे खरे, पण वाढवणारी गोष्ट आणि मूळ कारण यांची गल्लत करू नये.

प्रश्न : या मायक्रोग्लिया पेशी म्हणजे नेमके काय आणि त्या वेदना कशी वाढवतात?

स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी 1919 मध्ये त्यांचे स्वतंत्र वर्णन केले. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील बहुतेक पेशींपेक्षा यांचे कूळ वेगळे आहे : त्या गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात पीतककोशातून (गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) येतात आणि पुढे तेथेच आपली संख्या राखून राहतात. निरोगी अवस्थेतही त्या स्वस्थ नसतात. आपल्या बारीक शाखा सतत लांबवत आणि आखडत त्या आसपासच्या चेतापेशी चाचपत असतात, मृत पेशींचा कचरा उचलतात.

मज्जातंतूला इजा झाली की मज्जारज्जूच्या मागच्या भागात, जेथे त्वचेकडून येणारे तंतू पोहोचतात तेथे, या पेशींची संख्या वाढते आणि त्यांचा आकार बदलतो. त्यांच्या पृष्ठभागावर पी2एक्स4 नावाचे ग्राही, म्हणजे रासायनिक संदेश पकडणारी प्रथिने, वाढतात, हे 2003 मध्ये रॅट या मोठ्या उंदरांवरील प्रयोगांत दिसले. पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू त्या ग्राहींना चिकटला की मायक्रोग्लिया बीडीएनएफ हे प्रथिन सोडतात. एरवी चेतापेशी आपल्या आतले क्लोराइड एका पंपाने बाहेर टाकत असतात, आणि आत-बाहेरच्या त्या फरकामुळेच गाबा हे रसायन त्यांच्यावर ब्रेकसारखे काम करू शकते. बीडीएनएफमुळे हा पंप मंदावतो, क्लोराइड आत साचते आणि ब्रेक नीट लागत नाही. काही पेशींत तर गाबा उलट उत्तेजनाच देऊ लागते. मग नुसत्या स्पर्शाचा संदेशही वेदनेच्या मार्गाने मेंदूकडे निघतो. वरच्या प्रश्नातील सुती कपड्याची आग समजून घ्यायला ही साखळी फार उपयोगी पडते.

प्रश्न : मग या पेशींना गप्प करणारे औषध का देत नाहीत? मिनोसायक्लिनविषयी बरेच वाचले आहे.

कल्पना सरळ आहे, म्हणूनच ती मोहात पाडते. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक मायक्रोग्लियांची सक्रियता कमी करते आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांना ते इजेच्या आधी किंवा लगेच दिल्यास वेदना बळावत नाही. वेदना रुजल्यानंतर दिले तर परिणाम बराच कमी दिसतो. रुग्ण मात्र डॉक्टरांकडे वेदना रुजल्यावरच येतो. माणसांवरील चाचण्यांचे निकाल एकूण निराशाजनक आहेत. ग्लिया पेशींवर (मज्जासंस्थेतील चेतापेशींखेरीजच्या पेशींवर, ज्यांत मायक्रोग्लियाही येतात) काम करणारे प्रोपेंटोफायलिन हे औषधही नागिणीनंतरच्या वेदनेत निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

माझ्या मते अडचण औषधाच्या ताकदीची कमी आणि आपल्या समजुतीची अधिक आहे. जपानमधील क्युशू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवले की, इजेनंतर काही काळाने मायक्रोग्लियांचा एक वेगळा गट पुढे येतो, आयजीएफ-1 हे प्रथिन तयार करतो आणि उंदरांची वेदना त्याच्यामुळे ओसरते. हा गट काढून टाकला तर वेदना ओसरत नाही. ओसरल्यानंतर काढला तर ती परत येते. म्हणजे वेदना वाढवणाऱ्या आणि ती उतरवणाऱ्या पेशी एकाच कुळातल्या आहेत, आणि सरसकट सगळ्यांना दडपणारे औषध दोघींनाही दडपते. ‘ग्लिया शांत करणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांपासून तर चार हात लांबच राहावे. मिनोसायक्लिन स्वतःच्या मनाने घेऊ नये, त्याने चक्कर येते आणि दीर्घकाळ घेतल्यास त्वचेवर काळसर डाग पडू शकतात.

प्रश्न : स्त्रियांमध्येही हे असेच घडते का?

सगळे तसेच घडत नाही. पूर्वीचे बहुतेक प्रयोग नर प्राण्यांवरच झाले होते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मायक्रोग्लिया रोखल्यावर नर उंदरांची वेदना कमी झाली, मादींची झाली नाही. माद्यांमध्ये ते काम टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) करत असल्याचे संकेत मिळाले. जुनाट वेदनेच्या रुग्णांत स्त्रियांची संख्या जास्त असताना ही बाब इतक्या उशिरा तपासली गेली, हे खटकणारे आहे.

प्रश्न : हे सगळे उंदरांवरचे झाले. माझी पाठ सहा वर्षे दुखते आहे. माझ्या मेंदूतील या पेशी स्कॅनमध्ये दिसतील का?

माणसांतही काही पुरावा आहे. सक्रिय ग्लिया पेशींत टीएसपीओ हे प्रथिन वाढते आणि त्याला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य टोचून पेट स्कॅनवर ते पाहता येते. जुनाट पाठदुखीच्या रुग्णांत मेंदूतील थॅलॅमस या भागात हा संकेत वाढलेला असल्याचे 2015 मध्ये आढळले. मात्र हे प्रथिन मायक्रोग्लियांपुरते मर्यादित नाही, आणि एका जनुकातील फरकामुळे काही जणांत हे द्रव्य नीट चिकटतच नाही, म्हणून स्कॅनआधी जनुकीय तपासणी करावी लागते. गटांची तुलना करायला हे साधन उत्तम आहे, पण एका रुग्णाचा उपचार ठरवायला अजून उपयोगाचे नाही, त्यामुळे त्यासाठी धावपळ करू नका. त्यापेक्षा कापसाचा बोळा आणि टाचणी घेऊन पाठीची व पायांची संवेदना जागोजाग तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जा. मज्जातंतूंची वेदना आहे की स्नायू-सांध्यांची, हे त्या तपासणीतून बऱ्याच अंशी कळते, आणि प्रिगॅबालिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारखे औषध द्यायचे की व्यायामोपचारावर भर द्यायचा, हा निर्णयही त्यावरच अवलंबून असतो.